गाव दोन किलोमीटरचे, रस्ता मात्र गाड्यांचा

महाराष्ट्रातले कुठलेही तालुक्याचे गाव घ्या. एसटी स्टँड, तहसील कचेरी, बाजारपेठ, ग्रामीण रुग्णालय, दोन-तीन हायस्कुले, बँका आणि आठवडी बाजाराचे मैदान हे सगळे बहुधा दोन, फार तर तीन किलोमीटरच्या घेरात बसते. सरकारी वर्गवारीत ही गावे म्हणजे नगरपंचायती किंवा ‘क’ आणि ‘ब’ वर्ग नगरपरिषदा. वस्ती दहा-पंधरा हजारांपासून लाखाच्या आतली. साध्या चालीने माणूस तासाला चार-साडेचार किलोमीटर जातो. म्हणजे गावाच्या कडेच्या कॉलनीतून पेठेत यायला पंधरा-वीस मिनिटे, सायकलवर सहा-सात. अशा गावात शाळा, बाजार, दवाखाना, कचेरी ही रोजची कामे पायी किंवा सायकलने करणे सर्वांत सोपे असायला हवे. प्रत्यक्षात चौकातून दूध आणायचे तरी गाडी बाहेर निघते आणि आठवीतल्या मुलाला हाकेच्या अंतरावरच्या शिकवणीला सोडायला घरातले मोठे माणूस हातातले काम टाकून उठते. कारण विचारले की ‘लोक आळशी झाले’, ‘हातात पैसा आला’ अशी उत्तरे मिळतात. मला ती पटत नाहीत. लहान गावांत चालणे आणि सायकल मागे पडली ती प्रामुख्याने रस्त्यामुळे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण रस्ते ज्या पद्धतीने बांधले, रुंद केले आणि वाहनांच्या स्वाधीन केले, त्यात चालणाऱ्याला जागाच उरली नाही. वर्षातून एकदा सायकल फेरी काढून हे बदलणार नाही. रस्ता बदलावा लागेल, आणि तो बदलायला लहान गावाइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

आधी हे पाहू, की चालणारे आणि सायकलवाले खरोखर संपले आहेत का. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्या सुमारे वीस कोटी लोकांना कामावर कसे जाता, हे विचारले होते. ज्यांना कामासाठी घराबाहेर जावे लागते, त्यांच्यातले साधारण निम्मे लोक तेव्हा पायी किंवा सायकलने जात होते. हा आकडा जुना आहे आणि त्यानंतर दुचाक्या भरमसाट वाढल्या, हे खरे. पण त्या मोजणीत कोण नव्हते, तेही पाहिले पाहिजे. शाळेत जाणारी मुले नव्हती, बाजाराला, रेशनला, दवाखान्यात जाणाऱ्या गृहिणी नव्हत्या, शेतमजूर नव्हते. म्हणजे गावात सर्वांत जास्त चालणारी माणसेच मोजणीबाहेर राहिली. दुसरी गोष्ट घरातल्या वाहनांची. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ४३.७ टक्के घरांत सायकल होती, २०११ मध्ये ४४.८ टक्के घरांत, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे ५० टक्के घरांत. याच काळात दुचाकी असलेली घरे ११.७ टक्क्यांवरून २१ आणि मग ५० टक्क्यांच्या घरात गेली. जनगणना आणि आरोग्य पाहणी यांची पद्धत वेगळी असल्याने दशांशांवर वाद घालण्यात अर्थ नाही. पण कल स्पष्ट आहे. दुचाकी आली म्हणून सायकल घरातून गेली नाही. ती भिंतीला टेकून, हवा गेलेल्या चाकांनी उभी आहे. ती रस्त्यावर का येत नाही, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर मेन रोडवर मिळते. तालुक्याच्या गावातला हा रस्ता बहुतेक ठिकाणी सारख्याच चेहऱ्याचा झाला आहे. मधोमध काँक्रीटचा गुळगुळीत पट्टा, जुन्या डांबरी रस्त्यावरच ओतलेला, त्यामुळे आजूबाजूच्या दुकानांच्या पायरीइतका किंवा त्याहूनही वर आलेला. पट्ट्याची कड संपते तिथे वीतभर खोल उतार आणि मुरमाची साइडपट्टी. पावसाळ्यात तिचा चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. साइडपट्टीच्या पलीकडे गटार. त्यावरचे ढापे काही फुटलेले, काही बसवलेलेच नाहीत. उरलेल्या जागेत महावितरणचा डीपी, दुकानापुढे आडव्या लावलेल्या दुचाक्या, रसवंतीचा गाडा आणि कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचे बांबू. चालणाऱ्याने या सगळ्याला वळसा घालायचा तर काँक्रीटवर उतरावे लागते, आणि तिथे मागून हॉर्न वाजतो. ऊसपट्ट्यात दिवाळीनंतर त्यात भर पडते ती दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसतो, कांड्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या असतात आणि टेपवरची गाणी एवढ्या मोठ्याने चालू असतात, की चालकाला मागचे-पुढचे काही ऐकू येत नाही. अशा रस्त्याच्या कडेने पाठीवर दप्तर घेऊन जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा विचार करा. त्याची आई त्याला सायकल का देत नाही, याला आळस म्हणणे हा त्या आईवर अन्याय आहे. तिने धोका अचूक ओळखला आहे.

आकडेही तिच्याच बाजूने बोलतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळजवळ पाचातला एक. दुचाकीवरचे ७४,८९७. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले. देशभरातल्या मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या मागे अतिवेग नोंदवलेला आहे. सायकलस्वारांचा आकडा त्या मानाने कमी, पाच हजारांच्या आत, दिसतो. त्यावरून सायकल सुरक्षित आहे असे मात्र समजू नये, कारण भीतीने रस्त्यावरून मागे हटलेली माणसे अपघाताच्या आकड्यांत दिसत नाहीत. वेगाचा हिशेब जागतिक आरोग्य संघटनेने फार सोप्या शब्दांत मांडला आहे: वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर मिसळतात, तिथे ताशी ३० किलोमीटर ही मर्यादा असावी असे म्हटले गेले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही त्याच वर्षी त्या जाहीरनाम्याला मान्यता दिली. आता आपल्याकडे पाहा. जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पेठेतून पंचवीसच्या वेगाने जाणारी जीप नव्या काँक्रीटवर साठने जाते. रस्ता चांगला झाला असे आपण म्हणतो आणि त्याचे उद्घाटन करतो. पण गावातल्या माणसाला तो ओलांडणे त्या दिवसापासून अवघड होते.

हे होते त्यामागे एक प्रशासकीय कारण आहे आणि त्याची चर्चा गावातही फारशी होत नाही. गावातला सर्वांत महत्त्वाचा रस्ता बहुतेक वेळा नगरपरिषदेच्या मालकीचाच नसतो. तो राज्य महामार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असतो आणि सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. काही गावांतून तर राष्ट्रीय महामार्गच जातो. या यंत्रणांचे काम एका तालुक्याच्या ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहन लवकर पोचवणे. मधल्या गावात शाळा सुटण्याची वेळ किती वाजताची, हे त्यांच्या अंदाजपत्रकात येत नाही. नगरपरिषदेला पदपथ करायचा म्हटला तरी ती बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडे बोट दाखवते, आणि उपअभियंता अतिक्रमण काढणे नगरपरिषदेचे काम आहे म्हणतो. पादचारी या दोघांच्या मधल्या मुरमावर चालत राहतो. नियम नाहीत म्हणावे तर तसेही नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत राहत्या वस्तीत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आणि कडेच्या दगडाची उंची जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर सांगितली आहे. वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवण्याला महत्त्व द्या, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर मोकळा, वापरता येण्याजोगा पदपथ हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. हे सगळे कागद मोठ्या शहरांपुरते नाहीत. पण स्मार्ट सिटीच्या शंभर शहरांत सायकल मार्गांच्या निदान स्पर्धा झाल्या, प्रयोग झाले. पंचवीस हजार वस्तीच्या गावाकडे ‘नगरोत्थान’चा निधी आला की तो गटार आणि काँक्रीट यांच्यातच संपतो.

या प्रश्नात मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते ती शाळकरी मुलींची बाजू, आणि तिथे पुरावाही सर्वांत भक्कम आहे. बिहारने २००६ मध्ये नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्या योजनेचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींच्या वयानुरूप नावनोंदणीत ३२ टक्के वाढ झाल्याचे आणि मुलामुलींमधले अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. शाळा लांब होती अशा गावांत हा परिणाम अधिक होता. एका साध्या, बिनपेट्रोलच्या वाहनाने जे केले ते कितीतरी शिष्यवृत्त्यांनी झाले नसते. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. म्हणजे सायकल सरकार देते. पण ती मुलगी गावाच्या वेशीवर पोचते, तिथे बायपासचा फाटा असतो, दोन्ही बाजूंनी भरधाव ट्रक असतात, दुभाजकात ओलांडायला जागा सोडलेली नसते, आणि मग ती उलट्या दिशेने शंभर-दोनशे मीटर जीव मुठीत धरून जाते. शाळेत सायकलींसाठी छप्पर नसते, पंक्चर काढणारा शेवटचा दुकानदार आता मोटारसायकलींचीच कामे घेतो. सायकल देणारे खाते वेगळे आणि रस्ता देणारे वेगळे, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. मग दहावीनंतर वडील मुलीला जुनी स्कूटी घेऊन देतात, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात मोटारसायकल येते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आली. तरीही प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या दाराशी परवाना नसलेल्या मुलांच्या गाड्यांची रांग दिसते. त्या पालकांना कायदा माहीत नाही असे नाही. मुलाला वेळेवर पोचवण्याचा दुसरा मार्ग त्यांना दिसत नाही.

आरोग्याचा आणि पैशाचा मुद्दा सर्वांना ठाऊक असल्याने थोडक्यात सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीने देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचे सांगितले, आणि ग्रामीण भागातही मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांचे प्रमाण मोठे असल्याचे दाखवले. आठवड्याला दीडशे मिनिटे चालावे, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. पेठेत रोज पायी जाऊन येणाऱ्याची तेवढी मिनिटे वेगळा वेळ न काढता भरतात. पैशाचा हिशेब तर घरोघरी मांडता येईल. गावातल्या गावात रोज आठ किलोमीटर फिरणारी दुचाकी महिन्याला चार-साडेचार लिटर पेट्रोल घेते. लिटरचा भाव शंभरच्या वर आहे. घरात दोन गाड्या असतील तर नऊशे-हजार रुपये, वर ऑइल, टायर, विमा आणि हप्ता. दुकानात पंधरा हजारांवर काम करणाऱ्याच्या घरात ही रक्कम लहान नाही, आणि ती गावाबाहेर जाते. विजेवरच्या स्कूटरने धूर कमी होईल, पेट्रोलही वाचेल. पण पेठेतली जागा ती तेवढीच अडवते.

मग करायचे काय? गावभर सायकल मार्ग आखण्याची गरज नाही. लहान गावातल्या बहुतेक गल्ल्या आजही इतक्या अरुंद आणि संथ आहेत, की तिथे चालणाऱ्याला किंवा सायकलला वेगळी जागा लागत नाही. अडचण आहे ती मेन रोडची आणि त्यावरच्या चार-पाच चौकांची. तिथे दोन गोष्टी व्हायला हव्यात: वाहनाचा वेग रस्त्याच्या रचनेनेच तिशीच्या आत यावा, आणि दोन्ही बाजूंना गटारावर नीट झाकलेला, डीपी आणि फलकांपासून मोकळा, सलग पदपथ मिळावा. वेग कमी करायला फक्त फलक लावून काही होत नाही. शाळेपुढे रस्ता पदपथाच्या उंचीला उचलून रुंद, सपाट ओलांडपट्टी केली, चौकातले वळण आवळले, काँक्रीटची रुंदी गरजेपुरतीच ठेवली, की चालक आपोआप पाय उचलतो. आज जे गतिरोधक घातले जातात, ते कोणी तक्रार केली की रातोरात टाकलेले, उंच, बिनरंगाचे ढिगारे असतात. त्यांनी सायकलवाल्याचीच कंबर मोडते. कामाची सुरुवात शाळेपासून करावी. शाळेच्या दारापासून अर्धा किलोमीटर त्रिज्येतला प्रत्येक रस्ता आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने ओलांडावा इतका सुरक्षित करायचा, एवढे एकच उद्दिष्ट ठेवले तरी लहान गावाचा अर्धाअधिक भाग त्यात येतो.

हे स्वप्नरंजन नाही. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाने १९९९ पासून नेमके हेच केले. मिगेल आन्शो फेर्नांदेस लोरेस महापौर झाले आणि त्यांनी जुन्या पेठेतून येणारी-जाणारी वाहने बाजूला काढली, रस्त्यावरचे पार्किंग उचलून गावाच्या कडेला नेले, उरलेल्या रस्त्यांवर वेग तीस आणि त्याहूनही खाली आणला. गाड्यांवर सरसकट बंदी नव्हती. मालवाहू गाडी येते, आजाऱ्याला नेणारी येते, तिथे राहणाऱ्याची येते, फक्त दुसरीकडे जायचे असलेली गाडी गावातून जात नाही. त्यानंतर गावाच्या मध्यभागी वर्षानुवर्षे एकही अपघाती मृत्यू झाला नाही आणि तोच महापौर पुन्हा पुन्हा निवडून आला. त्यांनी आणखी एक छोटी गोष्ट केली. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चालत किती मिनिटे लागतात, हे दाखवणारा नकाशा गावभर लावला. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘तहसील कचेरी नऊ मिनिटे, ग्रामीण रुग्णालय बारा मिनिटे’ असा फलक लावायला नगरपरिषदेला कोणाची मंजुरी लागते? नेदरलँड्समधल्या हाउटेन गावाने दुसरी वाट धरली. एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने जायचे तर बाहेरच्या वळण रस्त्यावर जाऊन यावे लागते, सायकलवाला आणि चालणारा मात्र सरळ मधून जातो. आपल्याकडे बायपास झालेल्या कितीतरी गावांत हे जमण्यासारखे आहे, कारण जड वाहतूक बाहेर गेलेलीच आहे. बायपास झाल्यावर जुना मेन रोड अरुंद करून गावाला परत देण्याची संधी असते. आपण त्याच वेळी तो आणखी रुंद करतो.

पहिला विरोध व्यापाऱ्यांचा असतो: गाडी दुकानापुढे लागली नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही; दुकान त्यांचे पोट आहे. पण दुकानापुढची जागा दिवसभर कोण अडवते, हे एकदा त्यांनीच पाहावे. बहुधा ती मालकाची स्वतःची, नोकरांची आणि शेजाऱ्याची गाडी असते. एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत दहा सायकली राहतात. साडी, भांडी, किराणा यांचे गिऱ्हाईक पेठेत येते ते एका दुकानासाठी नव्हे. चार दुकाने फिरता येतात, थांबून बघता येते म्हणून येते. लहान मुलाचा हात घट्ट धरून गटार चुकवत चालणारी बाई कुठल्या दुकानापुढे थांबेल? हातगाडीवाले पदपथ अडवतील हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर त्यांना हुसकावण्यात नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांसाठी समिती नेमून जागा ठरवायला सांगितले आहे. पदपथाची आखणी करतानाच फळवाल्याची, चहावाल्याची जागा धरली तर तो मधे येत नाही, उलट संध्याकाळी रस्त्यावर माणसांची जाग राहते आणि शिकवणीहून परतणाऱ्या मुलींना त्याचा आधारच वाटतो.

उन्हाचे काय, हा विदर्भ-मराठवाडा-खानदेशातून येणारा प्रश्न अगदी रास्त आहे. चंद्रपूर किंवा जळगाव भागात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी कोणी सायकल चालवावी असे मी म्हणणार नाही. मात्र दुचाकीवरही ऊन तेवढेच लागते. आणि शाळेची दहा-अकरा महिन्यांची वेळ उन्हाच्या त्या सहा आठवड्यांवरून ठरवण्याचे कारण नाही. खरा घाव घातला तो रस्ता रुंदीकरणाने. गावात शिरणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा चिंच, लिंब, वड होते. रुंदीकरणात ते गेले आणि त्यांच्या जागी दुभाजकात शोभेची झुडपे आली. दुभाजकातल्या झुडपाची सावली चालणाऱ्यापर्यंत पोचत नाही. झाड पदपथाच्या कडेला लावले पाहिजे, आणि ते पाच-सात वर्षांत सावली देईल असे देशी झाड असले पाहिजे. कोकणातला चढ-उतार ही वेगळी अडचण आहे. तिथे सायकलपेक्षा चालण्यावर, पाखाड्यांवर आणि पायऱ्यांच्या दुरुस्तीवर भर द्यावा लागेल. सगळीकडे एकच नमुना चालणार नाही.

आणखी एक आक्षेप असा, की तालुक्याचे गाव हे आजूबाजूच्या साठ-सत्तर खेड्यांचे असते आणि पंधरा किलोमीटरवरून येणारा शेतकरी मोटारसायकलनेच येणार. येऊ दे. त्याची गाडी काढून घ्या असे कोणी म्हणत नाही. बाजार समितीजवळ, गावात शिरायच्या रस्त्यांवर सावलीतले, राखणदार असलेले पार्किंग केले, तर तो एकदा गाडी लावून तहसील, बँक, बियाण्यांचे दुकान ही कामे चालत उरकू शकतो. आज त्याला प्रत्येक कामासाठी गाडी पुन्हा काढावी लागते, कारण दोन कामांच्या मधला रस्ता चालण्याजोगा नाही. म्हाताऱ्या आणि अपंग माणसांचे नावही अनेकदा या सुधारणांच्या विरोधात पुढे केले जाते. खरे तर पदपथ नसण्याची सर्वांत मोठी शिक्षा त्यांनाच आहे. काठी टेकत चालणाऱ्याला गाडी चालवता येत नाही. सपाट, उतार असलेला, दिवा असलेला पदपथ हाच त्याला घराबाहेर काढतो. आणि प्रतिष्ठेचे म्हणाल, तर सायकलला गरिबीची खूण मानले जाते हे खरे आहे. ती समजूत उपदेशाने जात नाही. मुख्याधिकारी, गटशिक्षणाधिकारी, नगरसेवक गावातल्या कामाला सायकलने गेले आणि नगरपरिषदेच्या आवारात साहेबांच्या गाडीइतकीच चांगली, छप्पर असलेली जागा सायकलींना मिळाली, तर ती हळूहळू सैल होईल.

लहान नगरपरिषदेला हे झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ल्याकडे पाहावे. ‘क’ वर्गातल्या या छोट्या नगरपरिषदेने कचऱ्याचे घरोघरी वर्गीकरण करून दाखवले आणि डेपोच्या जागी लोकांनी बघायला यावे असे स्थळ उभे केले. कराडजवळच्या मलकापूरने मोठमोठ्या महापालिकांना न जमलेला चोवीस तास मीटरने पाणीपुरवठा प्रत्यक्षात आणला. दोन्हीकडे काम अवघड होते, घरोघरी जाऊन समजवावे लागणारे होते, आणि गाव लहान असल्यानेच ते शक्य झाले. पदपथ त्या मानाने सोपा आहे. अवघड आहे ते पुढच्या वाढीला वळण लावणे. आज तालुक्याच्या गावांत प्रशासकीय इमारत, न्यायालय, नवे महाविद्यालय हे सगळे स्वस्त जागेच्या शोधात तीन-चार किलोमीटर बाहेर हायवेला नेले जाते. गावाकडेच्या शेतांत एनए प्लॉट पडतात, प्रत्येक ले-आउटचा रस्ता आपल्या कुंपणाशी संपतो, शेजारच्या ले-आउटला जोडत नाही. मग सरळ चारशे मीटरवर असलेल्या शाळेला जायला मेन रोडवरून दीड किलोमीटर फिरावे लागते. चालण्याजोगे गाव आपण अशा रीतीने स्वतःच्या हाताने मोडतो, आणि मोडल्यावर ते दुरुस्त करायला भूसंपादन लागते. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा आपल्या प्लॉटवर आरक्षण पडले का, एवढेच आपण पाहतो. दोन ले-आउट जोडणाऱ्या तीन मीटरच्या पायवाटेची मागणी करणारी हरकत कोणीतरी द्यायला हवी.

कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिलेल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींत डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या. नव्या नगराध्यक्षांपुढे रस्त्यांच्या कामांच्या याद्या आल्या असतील, आणि प्रत्येक यादीत काँक्रीटीकरण असेल. त्यातल्या मेन रोडच्या कामाची वर्क ऑर्डर निघण्याआधी त्यांनी बांधकाम विभागाच्या अभियंत्याला आणि गावातल्या दोन मुख्याध्यापकांना एकत्र बोलावून, शाळा सुटायच्या वेळी त्या रस्त्यावरून पायी न्यावे. अंदाजपत्रकात पदपथ आणि उचललेल्या ओलांडपट्ट्या नसतील, तर त्या आताच घालता येतात; काँक्रीट ओतल्यावर तीस वर्षे घालता येणार नाहीत. वेगमर्यादेचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवायला एक ठराव पुरतो. मानव विकासच्या सायकली मिळालेल्या मुली कुठल्या वाड्यांवरून येतात, याची यादी शाळेत तयार असते. ती नकाशावर मांडली, की कुठल्या तीन ठिकाणी आधी काम करायचे हे सांगायला सल्लागार नेमावा लागत नाही. रंग, गटारावरचे ढापे, दिवे आणि शाळेपुढची पहिली ओलांडपट्टी एवढे काम जूनमध्ये शाळेची घंटा वाजायच्या आत होऊ शकते.